सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि बुद्धाला मानणाऱ्यांचे युद्ध

जपान आणि चीन हे दोन्ही देश बुद्धाला मानणारे. तरीही कोळसा, लोखंड आणि बाजारपेठेसाठी जपानने १९३१ साली मांचुरिया गिळला. राष्ट्रसंघाने ठपका ठेवला, तर जपान १९३३ साली राष्ट्रसंघातूनच बाहेर पडला. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या एका पुलावर चकमक झाली आणि बघता बघता सारा चीन पेटला. पुढे १९४१ साली अमेरिकेने जपानचे तेल तोडले, डिसेंबरात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि आशियातले भांडण जगाचे महायुद्ध झाले.

या वणव्यात स्वतःहून शिरलेला माणूस म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० चा त्यांचा जन्म, गिरण्यांच्या सोलापुरातला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. चीनचे सेनानी चू ते यांनी मदत मागितली तेव्हा सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर निघाले. तिघे लवकर परतले. कोटणीस आणि बसू मागे राहिले.

कोटणीस आठव्या मार्ग सेनेबरोबर वुताई डोंगराच्या मुलखात गेले. हा डोंगर म्हणजे मंजुश्री बोधिसत्त्वाचे तीर्थ! त्याच्या आसऱ्याला जखमी सैनिकांची रांग, आणि तिकडे जपानमधले कित्येक विहार युद्धाला आशीर्वाद देत होते. नुसत्या बुद्धाच्या नावाने युद्ध थांबत नाही, हे धम्मबांधवांनी ध्यानात घ्यावे.

औषधे नाहीत, शत्रूचा वेढा, दिवसरात्र शस्त्रक्रिया. कॅनडाचे डॉ. बेथून रक्तदोषाने गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणीसांकडे आले. तेथल्याच कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले. जातीबाहेर नव्हे, देशाबाहेर! मुलाचे नाव इनहुआ, म्हणजे भारत-चीन. मूल जेमतेम तीन-चार महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, फेफऱ्याच्या आजाराने बत्तिसाव्या वर्षी ते गेले.

पुढे दिल्लीत भारत-चीन भाईभाईचे वारे वाहू लागले. बाबासाहेबांनी मात्र १९५४ साली राज्यसभेत पंचशीलाच्या त्या राजकारणावर आणि माओच्या हेतूंवर उघड शंका घेतली. तेव्हा ती कोणी मनावर घेतली नाही. १९६२ साली चिनी फौजा हिमालयातून उतरल्या; २०२० साली गलवानमध्ये आपले वीस जवान पडले.

अनेक चिनी नेते भारतात आले तेव्हा कोटणीसांच्या नातलगांना आवर्जून भेटले. सोलापुरात भैय्या चौकात त्यांचे स्मारक आहे. सीमेवरचे सैन्य मात्र जागच्या जागी आहे.