साष्टीचे पुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

संत एकनाथांचे पैठण छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. तेथे गोदाकाठी इ. स. १५८४ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्याच काळात गोव्यातील साष्टी प्रांतात एक इंग्रज धर्मगुरू कोकणी आणि मराठी भाषा आत्मसात करीत होते. पुढे त्यांनी प्रभू येशूची कथा ओवीबद्ध मराठीत सांगितली. ते येशूसंघीय धर्मगुरू म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. मराठीतून प्रार्थना करणाऱ्या आपणा सर्वांवर त्यांचे ऋण आहे. आज त्यांच्या जीवनाचे स्मरण करू या.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. तरुणपणी त्यांनी स्वदेशात कॅथलिक श्रद्धेवर आलेली बंदी पाहिली. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राजवटीत मिस्सा अर्पण करणे हा गुन्हा ठरला होता. थॉमस पाउंड हे स्टीफन्स यांचे जिवलग मित्र. येशूसंघात प्रवेश करण्यासाठी दोघांनी मिळून रोमला जाण्याचे ठरवले होते. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्यातील जवळजवळ ३० वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास लागले. या खडतर प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्राने कळवले. मायदेशी परतणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

ज्या साष्टीत ते सेवेसाठी गेले, तेथील जनतेच्या मनावरची जखम अजून ओली होती. १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने तेथील हिंदू देवळे पाडली होती. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचे देह मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामी स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलावून घेऊन ठार केले. या इतिहासाकडे डोळेझाक करणे आपणास शोभणार नाही. सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी बळाचा वापर केला, याबद्दल परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी देवाकडे जाहीर क्षमायाचना केली, हेही आपण विसरू नये.

नव्याने ख्रिस्ती झालेल्या साष्टीकरांचे आणखी एक दुःख होते. देवळाबरोबर त्यांचे पुराणही गेले होते. पूर्वी सणावारी पुराणिकाभोवती सारा गाव जमे आणि ऐकलेल्या कथेत मन रमे. आता जुन्या पोथ्यांना मनाई होती आणि त्यांच्या जागी पाठ करण्यापुरती प्रश्नोत्तरे उरली होती. स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच हा प्रसंग घातला आहे. एक ब्राह्मण ख्रिस्ती गुरूपुढे येऊन विचारतो की, जुनी पुराणे गेली, तर त्यांच्या ठिकाणी आम्हांस दुसरे काही मिळणार नाही काय? ज्याच्या स्वतःच्या मायदेशी उपासनेवर बंदी आली होती, त्या धर्मगुरूला या प्रश्नातील वेदना कळली असावी, असे आम्हांस वाटते.

‘ख्रिस्तपुराण’ हे त्या प्रश्नाचे उत्तर होय. १६१६ मध्ये ते साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरांत, तर दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र ५९ अवस्वरांत आले आहे. अवस्वर म्हणजे अध्याय. एकूण ओव्या सुमारे ११ हजार भरतात. गुरू कथा सांगतात, श्रोते मध्येच शंका विचारतात आणि गुरू त्यांचे निरसन करतात, ही आपल्या पुराणांचीच रीत होय. परमेश्वराच्या राज्यासाठी त्यांनी वैकुंठ हा लोकांच्या ओठांवरचा शब्द निःसंकोचपणे वापरला. आरंभी त्यांनी मराठी भाषेची मनःपूर्वक स्तुतीही केली आहे. ग्रंथ मात्र रोमन लिपीत छापावा लागला. रविवारी आणि सणाच्या दिवशी तो देवळांत वाचला जाई आणि भाविक तो आवडीने ऐकत.

१६१९ मध्ये गोव्यातच फादर स्टीफन्स यांनी प्रभूचरणी विसावा घेतला. या भूमीत त्यांनी ४० वर्षे सेवा केली. त्यांचे कोकणीतील ख्रिस्ती शिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये, तर कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. १६४९ आणि १६५४ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा छापले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले. तरीही हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींतून पुराण जिवंत राहिले. गोव्यातून दक्षिणेस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते मंगळूरकडे जपले व तेथेच १९०७ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. १९५६ मध्ये श्री. शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून ते देवनागरीत आणले, तेव्हा महाराष्ट्रातील वाचकांना ते आपल्या लिपीत वाचता आले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतील उपासनेस वाट मोकळी करून दिली. आज आपल्या धर्मग्रामांत मिस्सा मराठीत होतो आणि टाळमृदंगाच्या साथीने भजने गायिली जातात. हे आपणास इतके सवयीचे झाले आहे की, त्यामागील कष्टांची आठवणही होत नाही. आमची एक नम्र सूचना आहे. येत्या उपवासकाळात घरातील सायंप्रार्थनेनंतर ‘ख्रिस्तपुराणा’तील दहा ओव्या मोठ्याने वाचाव्यात. काही शब्द अडतील. ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारावेत. मुले प्रश्न विचारतील, तेव्हा त्यांना थांबवू नये. प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यासाठीच तर फादर स्टीफन्स यांनी हे पुराण रचले.