बिनहुद्द्याचा डॉक्टर

आपल्या वेळच्या विज्ञानाच्या पुस्तकांत ड्युशेन हे नाव नव्हतं. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची ओळख करून देते.

गियोम ड्युशेन यांचा जन्म 1806 साली फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, बुलोन गावी, एका दर्यावर्दी घराण्यात झाला. पॅरिसमध्ये वैद्यकाची पदवी घेऊन ते गावी परतले. लग्नानंतर थोड्याच वर्षांत, बाळंतपणानंतर पत्नी वारली. मुलगा आजोळी वाढला, बापलेकांची ताटातूट झाली.

1842 मध्ये ते पुन्हा पॅरिसला आले. रुग्णालयात हुद्दा नाही, प्राध्यापकी नाही. विजेचं छोटं यंत्र घेऊन ते वॉर्डांतून हिंडत आणि एकेका स्नायूला प्रवाह देऊन त्याचं काम तपासत. पेशंट दुसऱ्या रुग्णालयात गेला तर हेही तिकडे जात. पुढे मोठे नाव झालेले शार्को त्यांना गुरू मानत.

वारंवार पडणारी, डुलत चालणारी, पोटऱ्या भरलेल्या पण पायांत बळ नसलेली लहान मुलं त्यांनी पाहिली. 1868 मध्ये अशा 13 रुग्णांचं वर्णन छापलं. खास बनवलेल्या सुईने जिवंत रुग्णाच्या स्नायूचा कण काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. लंडनच्या मेरियन यांनी हा आजार आधीच नोंदवला होता, तो कुटुंबात चालतो हेही हेरलं होतं. पण नाव ड्युशेन यांचं राहिलं. 1875 मध्ये ते वारले.

1987 मध्ये या मुलांत नसलेलं प्रथिन सापडलं, डिस्ट्रोफिन. ते नसलं की आकुंचन पावताना स्नायूंच्या पेशींना इजा होत राहते. हृदय हाही स्नायूच, म्हणून तेही थकतं.

माझा मावसभाऊ असाच विशीत गेला, हृदय थकून. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, बहुतेकदा आईकडून मुलाला येतो. वाहक बाई धडधाकट दिसते, पण तिच्याही हृदयावर परिणाम होऊ शकतो. हे कळल्यावर मी जनुकीय चाचणी केली. मी वाहक आहे. कोडमधले दोष शोधणं हा माझा रोजचा धंदा. हा दोष मला काढता येत नाही, त्याच्यावर लक्ष तेवढं ठेवता येतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे इको करून घेते. सध्या हृदय ठीक आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या माहेरी असा मुलगा असेल किंवा होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना तुमच्या स्वतःच्या तपासणीबद्दलही विचारा. लेकीबाळींनाही सांगून ठेवा.