विल्यम लॅम्ब्टन

विल्यम लॅम्ब्टन (अंदाजे १७५३ – २० जानेवारी, १८२३, हिंगणघाट) हे ब्रिटिश लष्करी अधिकारी व भूमापक होते. भारताच्या त्रिकोणमितीय महासर्वेक्षणाचा पाया त्यांनी घातला. त्यांच्या जन्मवर्षाविषयी मतभेद आहेत.

जीवन

लॅम्ब्टन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. ३३व्या पायदळ पलटणीतून ते भारतात आले. १७९९ च्या श्रीरंगपट्टण मोहिमेत रात्री कूच करणारी तुकडी उत्तरेऐवजी दक्षिणेला, टिपू सुलतानाच्या फौजेच्या रोखाने, चालली असल्याचे त्यांनी केवळ ताऱ्यांवरून ओळखले. त्यांच्या सर्वेक्षणाच्या प्रस्तावास पलटणीचे प्रमुख आर्थर वेलस्ली यांचा पाठिंबा मिळाला. याच वेलस्लींनी १८०३ मध्ये सध्याच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला.

१० एप्रिल, १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे सुमारे साडेसात मैलांच्या आधाररेषेची मोजणी सुरू झाली. तिला ५७ दिवस लागले. ही एक बाजू अचूक कळली की पुढील त्रिकोणांचे केवळ कोन मोजून उरलेली अंतरे गणिताने काढता येत. कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आदळून बिघडले, तेव्हा लॅम्ब्टन यांनी कित्येक आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले. ७८° पूर्व रेखावृत्ताच्या आसपास कन्याकुमारीकडून निघालेली ही साखळी वऱ्हाडापर्यंत आली. हैदराबादहून नागपूरकडे जात असता हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेले. हिमालयातील शिखराला नाव मिळाले तेही एव्हरेस्ट यांचेच.

रेखांशांचा आरंभबिंदू

अक्षांश विषुववृत्तापासून मोजतात, त्यात वादाला जागा नाही. रेखांशांचा शून्यबिंदू मात्र संकेताने ठरतो. जालना शहर ग्रीनिचपासून सुमारे ७५°५३′ पूर्वेस आहे, मद्रास वेधशाळेपासून सुमारे ४°२२′ पश्चिमेस, आणि प्राचीन भारतीय ज्योतिषाने शून्य मानलेल्या उज्जयिनीच्या रेषेपासून जेमतेम काही मिनिटे पूर्वेस. जागा एकच, आकडे तीन. (आलेखात आडवे अंतर आधी लिहितात, भौगोलिक स्थानात अक्षांश आधी, विद्यार्थ्यांची गल्लत बहुधा इथेच होते.)

लॅम्ब्टन यांनी मद्रास वेधशाळा आधार धरली. त्रिकोणांची मोजणी अत्यंत काटेकोर होती, परंतु वेधशाळेचे ग्रीनिचपासूनचे रेखांशच काही मिनिटांनी अधिक मानले गेले होते. त्यामुळे जुन्या नकाशांवर गावांमधील अंतरे बरोबर असूनही सारा देश पूर्वेकडे सरकलेला दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारायंत्राच्या साह्याने वेळ जुळवून रेखांश पुन्हा काढण्यात आले, तेव्हा सुमारे अडीच मिनिटांची दुरुस्ती करावी लागली. जालन्याच्या अक्षांशावर हे अंतर चार किलोमीटरांहून अधिक भरते.