तीन मुले, एक चित्र आणि डॉ. हॅरी अँजेलमन

इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथील रुग्णालयात निरनिराळ्या वेळी दाखल झालेली तीन मुले बालरोगतज्ज्ञ डॉ. हॅरी अँजेलमन यांच्या मनातून जात नव्हती. तिघांनाही बोलता येत नव्हते, आकडी येई, चाल ताठर आणि हिसके बसल्यासारखी होती. शिवाय कारण नसताना ती हसत. आजार एकच, असे अँजेलमन यांना वाटत होते. मात्र तो सिद्ध करणारी चाचणी त्या काळी नव्हती आणि पुराव्यावाचून लिहिण्याचा त्यांना संकोच वाटे.

१९१५ मध्ये बर्कनहेड येथे जन्मलेल्या अँजेलमन यांना इटलीची आणि इटालियन भाषेची ओढ होती. तेथे सुटीवर असताना व्हेरोनाच्या कास्तेलवेक्यो संग्रहालयात त्यांनी सोळाव्या शतकातील चित्रकार कारोतो यांचे एक चित्र पाहिले. बाहुलीसारखी आकृती रेखाटलेला कागद हाती धरून हसणारा मुलगा! ते हास्य पाहून त्यांना आपले तीन रुग्ण आठवले आणि अखेर त्यांनी लेखणी उचलली. १९६५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात मुलांना दिलेली कळसूत्री बाहुल्यांची उपमा पुढे पालकांना खुपली, आणि तेही रास्तच. १९८२ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी या विकाराला अँजेलमन यांचे नाव सुचवले.

अनेक रुग्णांच्या पंधराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गायब असल्याचे १९८७ मध्ये दिसले. कोडे असे, की तोच भाग नसलेल्या काही मुलांना अनावर भुकेचा, अगदी निराळा प्राडर-विली विकार होतो. १९८९ मध्ये उलगडा झाला. तुकडा आईकडून आलेल्या गुणसूत्रातून गळाला तर अँजेलमन, वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रातून गळाला तर प्राडर-विली. बहुतेक जनुकांच्या दोन्ही प्रती काम करतात; काही मोजक्या जनुकांवर मात्र ती कोणाकडून आली याची रासायनिक खूण असते आणि एक प्रत मुकी राहते.

अँजेलमन विकारामागचे यूबीई३ए हे जनुक १९९७ मध्ये सापडले. मेंदूच्या चेतापेशींत त्याची वडिलांकडची प्रत गप्प असते. आईकडची बिघडली की काम थांबते. ज्या पुराव्यासाठी अँजेलमन अडले होते, तो पाहायला ते राहिले नाहीत. आदल्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्यांचे निधन झाले होते. रुग्णांमध्ये वडिलांकडची प्रत सहसा शाबूतच असते. तिला गप्प ठेवणारा आरएनए रोखून तिला जागे करू पाहणाऱ्या औषधांच्या चाचण्या आता रुग्णांवर होत आहेत.