अ‍ॅडाचा पाचवा रकाना

कवी लॉर्ड बायरनचे नाव आपल्याकडे कॉलेजात इंग्रजी शिकलेल्या कैक पिढ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मुलीचे नाव मात्र काव्यसंग्रहांत नव्हे, तर विमानांच्या आणि अग्निबाणांच्या पोटात जाऊन बसले आहे. अ‍ॅडा लव्हलेस. जन्म लंडनचा, १० डिसेंबर १८१५. ती महिन्याची होते न होते तोच आई तिला घेऊन माहेरी निघून गेली. पुढच्या एप्रिलात बायरनने इंग्लंड सोडले ते कायमचे. १८२४ मध्ये तो ग्रीसमध्ये वारला तेव्हा ती आठ वर्षांची होती. बापाचा चेहरा तिने पाहिला असेल तो पाळण्यातून, म्हणजे न पाहिल्यासारखाच.

आई अ‍ॅनाबेला स्वतः गणिताची जाणकार. बापाचे कवीपण, म्हणजे तिच्या लेखी बापाचे वेड, मुलीत उतरू नये म्हणून तिने पोरीला लहानपणीच गणिताला जुंपले. हा उपाय मला कधीच पटलेला नाही. पण गुण आला खरा, तो भलत्याच बाजूने. बाराव्या वर्षी पोर पक्ष्यांचे पंख तपासून उडण्याचे यंत्र बेतू लागली. पुढे गोवराने तिला अंथरुणाला खिळवले, हातात कुबड्या आल्या, तरी अभ्यास सुटला नाही. लग्नानंतर तिला गणित शिकवणारे ऑगस्टस डी मॉर्गन जन्माने मदुराईचे. दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांचा गणितग्रंथ १८५९ मध्ये विलायतेत पुन्हा प्रसिद्ध झाला तो याच गृहस्थांच्या पुढाकाराने.

सतराव्या वर्षी, १८३३ मध्ये, तिची चार्ल्स बॅबेजशी ओळख झाली. पितळी चाकांनी आकडेमोड करणाऱ्या त्याच्या यंत्राचा एक भाग तिने पाहिला आणि ती त्यातच गुंतली. १८३५ मध्ये विल्यम किंगशी लग्न, मग तीन मुले, नवऱ्याला उमरावकी मिळाल्यावर लव्हलेस हे नाव. हे सगळे रीतीप्रमाणे झाले. खरे काम झाले ते १८४३ मध्ये. बॅबेजच्या नियोजित अ‍ॅनॅलिटिकल इंजिनावर मेनाब्रेआ या इटालियन इंजिनिअरने फ्रेंचमध्ये लेख लिहिला होता. अ‍ॅडाने तो इंग्रजीत आणला आणि मागे स्वतःच्या टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट झाल्या! खाली नाव नाही, नुसती आद्याक्षरे.

शेवटच्या टिपेत एक तक्ता आहे. बर्नूली संख्या यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या, त्याच्या पंचवीस पायऱ्या. जगातला पहिला प्रोग्रॅम म्हणून त्याचे नाव घेतात. त्यावर विद्वानांत वाद आहेत, ते त्यांच्यापाशी राहोत. मला त्यातला पाचवा रकाना मोलाचा वाटतो. पहिल्या चार रकान्यांत पायरीचा क्रमांक, क्रिया, कोणत्या चलांवर क्रिया झाली आणि उत्तर कोणत्या चलात गेले, हे येते. पाचव्यात एवढेच, की या पायरीत कोणत्या चलाची किंमत बदलली आणि कोणत्याची तशीच राहिली. शिवाय प्रत्येक चलाच्या डोक्यावर बारीक आकडा, किंमत कितव्यांदा बदलली हे सांगणारा. जे यंत्र कधी पुरे झालेच नाही, त्याच्यासाठी ही खबरदारी.

ही खबरदारी कशाला, हे आमच्या भागातल्या माणसाला चटकन कळेल. बीड जिल्ह्यात नारायणगडाच्या आसपासच्या गावांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याची उचल मांडलेली असते आणि केलेल्या कामातून ती वळती होत जाते. आता समजा, हिशेब मांडता मांडता मुकादम मध्येच उठून गेला आणि वही दुसऱ्याच्या हाती आली. समोरचा आकडा वजावटीच्या आधीचा की नंतरचा? वही उघडी आहे, आकडा स्वच्छ वाचता येतो, आणि तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. एका नवरा-बायकोच्या हंगामभराच्या घामाचा प्रश्न असतो.

अ‍ॅडाचा स्वतःचा हिशेब मात्र शेवटी चुकला. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावून ती कर्जात बुडाली, घराण्याचे हिरे गहाण पडले. गर्भाशयाच्या कर्करोगाने २७ नोव्हेंबर १८५२ ला ती गेली, बापाप्रमाणेच छत्तिसाव्या वर्षी. तिच्या इच्छेप्रमाणे तिला हकनॉलच्या चर्चमध्ये त्याच्या शेजारी पुरले.

पुढे सव्वाशे वर्षांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एक संगणकभाषा करवून घेतली. ती रचली फ्रान्समध्ये, झाँ इक्बिया यांच्या चमूने. नाव ठेवले अ‍ॅडा; मानकाला मंजुरी १० डिसेंबर १९८० ची आणि मानकाचा क्रमांक १८१५.

या भाषेत संकटाची सोय आधीच केलेली असते. शून्याने भागाकार झाला, आकडा मापात मावला नाही, की चालू काम तिथेच तुटते आणि हँडलर नावाचा राखीव भाग ताबा घेतो. वही त्याच्या हाती येते म्हणा ना! त्याला चल दिसतात. पण त्यांतल्या किमती कुठल्या पायरीच्या? वेगासाठी सूचनांचा क्रम थोडा मागेपुढे करण्याची सूट भाषेचे नियमच कंपायलरला देतात. त्यामुळे बिघाडाच्या आधी लिहिलेली नोंद खरोखर आधी झाली असेलच असे नाही. मोठी यादी बदलता बदलता काम तुटले तर ती अर्धी नवी, अर्धी जुनी राहू शकते. म्हणून जाणते लोक धोक्याची आकडेमोड कच्च्या कागदावर करतात आणि सगळे सुरळीत पार पडले तरच पक्क्या वहीत उतरवतात. हँडलरमध्ये वापरायच्या चलाला आधीच ठाम किंमत देऊन ठेवतात.

४ जून १९९६ ला युरोपचा एरियान-५ अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतला अ‍ॅडा प्रोग्रॅम एरियान-४ वरून जसाच्या तसा उचललेला होता. एक मोठा आकडा सोळा बिटांच्या जागेत मावेना, अपवाद उठला, आणि त्या ठिकाणी तो झेलायला कोणी नव्हते. राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्रॅम, ती क्षणभर आधीच बंद पडलेली. बंद पडताना यंत्रणेने बिघाडाचा अहवाल पाठवला आणि मुख्य संगणकाने ते आकडे उड्डाणाचे खरे आकडे समजून अग्निबाण वळवला. चार उपग्रह गेले. ज्या आकडेमोडीने हा घात केला, तिची उड्डाणानंतर गरजच नव्हती!

आपल्या तेजस विमानाच्या उड्डाण-नियंत्रणाचे सॉफ्टवेअर अ‍ॅडा भाषेतच लिहिले गेले. हे विमान मुळात अस्थिर बांधणीचे. संगणकाने क्षणाक्षणाला सावरले तरच ते हवेत टिकते, आणि त्यात माणूस बसलेला असतो. म्हणून तिथे एकाऐवजी चार वाटांनी तोच हिशेब होतो आणि एकमेकांशी ताडून पाहिला जातो. ४ जानेवारी २००१ ला ते बंगळुरूहून पहिल्यांदा उडाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बांधलेले पहिले तेजसही आकाशात गेले.