घर ओतणारे एडिसन

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की आपल्याला विजेचा दिवा आठवतो. पण याच एडिसन यांनी घराच्या भिंती ओतायचा नाद घेतला होता, ते फार जणांना ठाऊक नसते.

त्यांचा जन्म 11 फेब्रुवारी 1847 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या गावी झाला. शाळेत ते थोडेच दिवस गेले. पुढे आईनेच घरी शिकवले. बाराव्या वर्षी ते आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागले. त्यांना ऐकू कमी येई. तरीही तारायंत्राचे काम शिकले. 1877 मध्ये त्यांनी फोनोग्राफ व 1879 मध्ये बराच वेळ टिकणारा विजेचा दिवा तयार केला. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पुढे जाऊ.

1890 नंतर त्यांनी लोखंडाचा दगड भरडायचा मोठा कारखाना चालवला. तो बुडाला. फार पैसा गेला. पण दगड भरडायची विद्या तर हातात होती! तिच्या जोरावर 1899 मध्ये त्यांनी सिमेंटची कंपनी काढली. मग त्यांच्या मनात आले, मजुराला परवडेल असे अख्खे घर एका दमात ओतून का काढू नये?

आता हे किती अवघड ते बघा. आपल्याकडे कुडाची भिंत कारवी उभी करून शेणमातीने लिंपतात. ती आपल्या आपण उभी राहते. काँक्रीटची भिंत मात्र पहिला दिवस दुसऱ्याच्या आधाराने उभी असते. दोन फळ्यांच्या मध्ये ओला माल ओतला की तो पाण्यासारखा बाजूला रेटतो, आणि तळाशी सगळ्यांत जास्त. एक मीटर लांब, रुंद व उंच खोक्यात सुमारे 24 क्विंटल माल मावतो, यावरून जोर समजेल. म्हणून बाहेरून तिरके टेकू लावतात, दोन्ही फळ्या बोल्टने एकमेकींना आवळतात, ओळंबा धरून बघतात आणि माल थराथराने ओततात. एक टेकू सरकला की फळी फुगते. कधी फुटतेसुद्धा, आणि माल जवळच्या माणसाच्या अंगावर येतो. भिंतीच्या फळ्या एक-दोन दिवसांत निघतात, पण स्लॅबखालचे टेकू सात ते चौदा दिवस, मोठ्या गाळ्याला त्याहूनही जास्त ठेवावे लागतात. तोवर तिथे लपाछपी खेळायची नाही!

एडिसन यांनी लाकडाच्या फळ्या सोडून ओतीव लोखंडाचे साचे घेतले. भिंती, जिना, छप्पर, अंघोळीचा टबसुद्धा त्यातच! माल वरून ओतायचा. घट्ट असला तर कोपऱ्यात जात नाही, पातळ केला तर खडी तळाला बसते. म्हणून ते त्यात थोडी चिकणमाती मिसळत. 1908 मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला, 1917 मध्ये ते मिळाले. बांधणाऱ्यांना ते फुकट वापरू देण्याचीही त्यांची तयारी होती.

पण गाडे साच्यापाशी अडले. एका घराच्या साच्याचे दोन हजारांवर तुकडे! एवढे लोखंड साधा ठेकेदार कुठून घेणार? शेकडो घरे एकसारखी बांधली तरच ते परवडते. 1917 च्या सुमारास न्यू जर्सीतील युनियन गावात 11 घरे उभी राहिली, आणखी काही दुसरीकडे झाली, बस. एडिसन यांनी काँक्रीटची कपाटेही करून पाहिली. ती कोण उचलणार, देव जाणे.

इकडे मुंबईत 1920 नंतर वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड येथे कामगारांसाठी काँक्रीटच्या बीडीडी चाळी झाल्या. साचे एडिसन यांचे नव्हते, पण गरज तीच होती. एका कुटुंबाला एकच खोली मिळे.

18 ऑक्टोबर 1931 रोजी एडिसन वारले. त्यांची कल्पना मात्र पुढे कामी आली. आज मुंबईच्या उंच इमारतींत अॅल्युमिनियमच्या प्लेटा लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. प्लेट हलकी, एक माणूस उचलतो. एका मजल्याची काढली की वरच्या मजल्याला लावतात, म्हणून परवडते. ज्यांचे बाबा किंवा काका वापी, मुंबईकडे सेंट्रिंगच्या कामाला जातात, त्यांनी घरी जरूर विचारा, माल ओतायच्या आधी ते पहिल्यांदा कुठला टेकू हलवून बघतात?