मुलांना दिलेला शब्द कधी कळतो? विनोबांचं बालपण काय सांगतं?

हिवरा आश्रम (ता. मेहकर, जि. बुलढाणा) : विवेकानंद जन्मोत्सवात इथे पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादाला हजारोंची पंगत बसते. पंगतीची आपल्याकडची रीत साधी आहे. सगळ्यांना वाढून होईपर्यंत घास उचलायचा नाही. चिमुकली पोरंही ही रीत मोठ्यांचं पाहून शिकतात. आपण दुसऱ्याचं काही देणं लागतो, हे इतक्या लहान वयात कसं रुजतं? आचार्य विनोबा भावे यांच्या आयुष्यात याचं एक उत्तर सापडतं.

गागोद्यात काय घडलं?
विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावी झाला. आई रुक्मिणीबाई त्यांना विन्या म्हणत. तुळशीला पाणी घातल्याशिवाय विन्याला जेवायला मिळत नसे. घरचा फणस फोडला की पहिले गरे शेजाऱ्यांकडे जात आणि ते पोहोचवायचं काम मुलांचं असे. स्वतः खायचं ते त्यानंतर.

मानसशास्त्र काय म्हणतं?
स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ मध्ये मांडलं, की लहान मुलांना नियम म्हणजे मोठ्यांनी ठरवलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. आपण आपसांत ठरवलं म्हणून पाळायचं, ही समज नंतर येते. अलीकडच्या प्रयोगांत मात्र वेगळी गोष्ट दिसली. दुसऱ्यासोबत ठरवून सुरू केलेला खेळ मध्येच सोडताना ३ वर्षांची बरीच मुलं त्याला तसं काहीतरी जाणवून देतात. २ वर्षांच्या मुलांमध्ये हे दिसत नाही. म्हणजे शब्द पाळण्याचा अर्थ सांगता येण्याआधीच बांधिलकी कळू लागते.

विचारणारं कुणी नसेल तर?
रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता समजत नव्हती. मराठी पद्यानुवादही जड वाटला, तेव्हा तूच सोपी करून दे, असं त्यांनी मुलाला सुचवलं. १९१८ मध्ये त्या गेल्या. आठवण करून देणारं कुणी उरलं नाही. तरीही ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी काम हाती घेतलं आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण केलं. तीच ‘गीताई’.

मोठ्यांच्या शब्दाचं काय झालं?
१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली. गावातल्या रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली आणि भूदान चळवळ सुरू झाली. पुढे देशभरातून ४० लाख एकरांहून अधिक जमिनीचं दान जाहीर झालं. पण त्यातली बरीच जमीन नापीक किंवा वादातली निघाली, बरीच भूमिहीनांना मिळालीच नाही. शब्द दिला गेला, पण गरे शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोहोचले नाहीत.

विनोबांचं निधन १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला झालं.

पालकांनी काय करावं?
मुलाकडून सारखं ‘प्रॉमिस’ वदवून घेण्यापेक्षा त्याला झेपेल असं एक काम द्या. काम असं हवं, की ते झालं नाही तर कुणाचं तरी अडेल. आजीचं पाणी भरून ठेवणं, शेजारच्या घरी वाटी पोहोचवणं, इतकं पुरे. आणि रविवारी बागेत नेतो म्हणालात, तर न्या. जमणार नसेल तर आधी सांगा. तुम्ही शब्दाचं काय करता, हे तुमचं मूल पाहत असतं.